मदाम एव्हलीनचं सुतक

मदाम झहारने भूत पाहिलं होतं, आणि ते ती सकाळी साडेआठला, पोळ्यांच्या भट्टीसमोरच्या रांगेत उभी राहून, पुढच्या-मागच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं सांगत होती. शुक्रीशी तिची ओळख एवढीच, की त्याच्या इमारतीत तळमजल्यावर तिच्या नवऱ्याचा दातांचा दवाखाना होता आणि जिन्यात भेटली की ती आधी त्याच्या कवळीकडे बघायची आणि मग त्याच्याकडे. "सनोबर हॉटेलात गेलो होतो आम्ही, शनिवार-रविवार. काय सुंदर केलंय हो आता! आणि तिसऱ्या मजल्यावर, अगदी ह्या इथं, माझ्यापासून चार हातांवर. बुटकी, गोलमटोल, तपकिरी स्वेटर, बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या. दिव्याकडे बघितलं, भुवया वर केल्या, जिभेनं 'च्च' केलं, आणि दिवा बंद करून निघून गेली." भट्टीवाला तानियोस कणकेवर झातरचा हिरवा मसाला पसरता पसरता म्हणाला, "मदाम एव्हलीन ना? पण ती तर उंच आहे म्हणतात. पांढऱ्या झग्यात असते." "मग बदलले असतील कपडे! मी काय ओळखपत्र मागायला हवं होतं तिला?" रांग हसली. शुक्री हसला नाही. मदाम एव्हलीन उंच होती हे त्याच्याइतकं खात्रीनं जगात दुसरं कुणी सांगू शकलं नसतं, कारण तिची उंची त्यानंच ठरवली होती. तिचं नाव, तिचा नवरा, नवऱ्याचे भाऊ, सगळं त्याच्याच डोक्यातून निघालेलं. आणि ही बुटकी, गोलमटोल, तपकिरी स्वेटरवाली, दिवे बंद करत फिरणारी बाई, तीही त्याचीच होती. ती त्याची बायको होती. वदाद. तिला जाऊन चार वर्षं झाली होती.

भट्टीपासून घर दोनशे पावलं, आणि मग पाच मजले, कारण वीज नव्हती आणि म्हणून लिफ्ट नव्हती. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पाच मजले चढणाऱ्या माणसाला विचार करायला भरपूर वेळ मिळतो. पहिल्या मजल्यावर त्याला वाटलं, मूर्खपणा आहे. भुवया वर करून 'च्च' तर सगळा लेबनॉन करतो, त्यात काय. दुसऱ्या मजल्यावर त्याला स्वेटरच्या बाह्या आठवल्या. तिसऱ्या मजल्यावर तो थांबला, कठड्याला धरून उभा राहिला, आणि त्याच्या लक्षात आलं की त्याला भीती वगैरे काही वाटत नाहीये, त्याला राग आलाय. चांगला सणसणीत राग. अठ्ठेचाळीस वर्षं संसार केला आपण, आणि ही बाई जाऊन भेटते कुणाला, तर दातांच्या डॉक्टरच्या बायकोला! चार वर्षं तो घरातले सगळे दिवे चालू ठेवत आला होता. शेजारी समजायचे, म्हातारा अंधाराला घाबरतो. गल्लीला वीज विकणारा जनरेटरवाला समजायचा, म्हातारा विसरभोळा झाला. मीलाद मॉन्ट्रियालहून फोनवर ओरडायचा, बाबा, न्हाणीघरातला दिवा दिसतोय मला मागे. खरं कारण शुक्रीनं स्वतःलासुद्धा कधी नीट सांगितलं नव्हतं. दिवा चालू राहिला आहे आणि वदाद गप्प बसली आहे असं अठ्ठेचाळीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं. म्हणून तो गळ टाकून बसल्यासारखा दिवे लावून बसायचा. आणि मासा चाळीस किलोमीटरवर, ऐन-जौझच्या डोंगरात, सनोबर हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावर लागला. पाचव्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याच्या हातातली झातरची पोळी गार झाली होती. तो ती स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच खाऊ लागला आणि रिकाम्या खुर्चीला म्हणाला, "तिथं कशाला गेलीस? तिथं तुझं काय ठेवलंय?" आणि म्हणता म्हणता त्याला कळलं की तिथं तिचं पुष्कळ काही ठेवलेलं होतं.

यादवी युद्धाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, शहात्तर साली, सनोबरचा मालक पॅरिसला गेला आणि चाव्यांचा जुडगा काउंटरवर बसणाऱ्या शुक्रीकडे राहिला. शहरातून पळून आलेली अकरा कुटुंबं तिसऱ्या मजल्यावर राहत होती, बारावं शुक्रीचं स्वतःचं: वदाद आणि चार वर्षांचा मीलाद. मग एक दिवस वरच्या रस्त्यावरची बंदूकधारी पोरं आली. त्यांचा कमांडर चोवीस वर्षांचा, मिशा नुकत्याच जमू लागलेल्या, आणि नाव घेतलं होतं अबू-लैल, रात्रीचा बाप. त्याला तिसऱ्या मजल्याची गच्ची हवी होती, मोठी तोफ बसवायला. समोरच्या डोंगरावर त्यांचेच जुळे भाऊ शोभतील अशी दुसरी पोरं होती, त्यांच्याकडेही तोफ होती. इथून एक गोळा गेला की तिथून दहा येणार आणि मधल्यामध्ये बारा कुटुंबांची चटणी होणार, हे कळायला काउंटरवर बसावं लागत नाही. शुक्री बोलायला उभा राहिला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "वर सुतक आहे." का निघालं, कसं निघालं, देव जाणे. अबू-लैलनं टोपी काढली. "कोण?" "मदाम एव्हलीन." "अरेरे. पत्रक नाही दिसलं भिंतीवर." आणि इथं शुक्री फसला. कारण ऐन-जौझमध्ये माणूस मेला की त्याचं काळ्या चौकटीचं पत्रक भिंतीवर लागतं, आणि पत्रक लागलं नाही तर तो मेला असं कुणी धरत नाही. म्हणून तो दुपारीच मिखाईल छापखानेवाल्याकडे गेला. त्या वर्षी मिखाईलची चलती होती, त्यानं नावसुद्धा नीट विचारलं नाही, फक्त सोयऱ्यांची आडनावं किती तेवढं विचारलं. वदादनं मजकूर वाचला आणि कपाळाला हात लावला. "त्रेसष्ट? त्रेसष्टच्या बाईसाठी कोण रडणार आहे शुक्री, अशा दिवसांत? एक्केचाळीस कर. आणि आजारी नको. आजारी म्हटलं की लोक डॉक्टरचं नाव विचारतात." "मग कशानं मेली?" "हृदयानं. हृदयाबद्दल कुणी काही विचारत नाही. आणि ब्राझीलला, साव पावलोला, एक बहीण टाक. बहिणीशिवाय घर उघडं वाटतं." पत्रकात मिखाईलनं नेहमीच्या सवयीनं शेवटची ओळ आपणहून घातली: रस्त्यांच्या परिस्थितीमुळे दफनविधी उरकला आहे, सांत्वनाला तीन दिवस, हॉटेल सनोबर, दहा ते सहा.

आणि लोक आले. शुक्रीला वाटलं होतं, गोळे पडताहेत, कोण येतंय. पण भिंतीवरचं पत्रक वाचून जो जात नाही, त्याच्या घरी उद्या कोण जाणार? खालच्या गावातून आले, वरच्या गावातून आले, पाठीमागच्या वाटेनं वाकून पळत आले आणि दारात पोचल्यावर कपडे झटकून, चेहरा लांब करून, सावकाश आत आले. पुरुष एका दिवाणखान्यात, बायका दुसऱ्यात. बायकांच्या ओळीत सर्वांत पुढे वदाद, काळ्या ब्लाउजात, कारण कुणीतरी घरचं असायला हवं. ती तीन दिवस रडली. खोटं रडणं तिला जमेना, म्हणून तिनं युक्ती केली: पहिल्या दिवशी आपल्या आईसाठी रडली, दुसऱ्या दिवशी शहरातल्या घरासाठी, तिसऱ्या दिवशी नुसतीच. मधल्या वेळात उठून साखर नसलेल्या कॉफीची भांडी आगीवर चढवायची. तिसऱ्या दिवशी खालच्या गावातून काठी टेकत एक म्हातारा आला आणि मदाम एव्हलीन आपल्याला लहानपणी साखरेचे बदाम द्यायची म्हणून ढसाढसा रडला. बाई एक्केचाळीसची, म्हातारा ऐंशीचा. वदादनं त्याला पाणी दिलं, खांद्यावर थोपटलं आणि म्हणाली, "होती तशीच ती. हात सैल होता." अबू-लैल आपली सगळी पोरं घेऊन आला, बंदुका बाहेर भिंतीला टेकवून, रांगेत. प्रत्येकानं हात हातात घेऊन शुक्रीला म्हटलं, तिचं उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो. शुक्री नंतर कित्येकदा त्या हिशोबात गुंतून पडायचा. जी बाई कधी नव्हतीच तिचं उरलेलं आयुष्य किती? मुळात काही नाही म्हणावं, तर तो अठ्ठ्याहत्तरीला पाच मजले कशाच्या जोरावर चढत होता? आणि वापरलंच नव्हतं म्हणून सगळंच्या सगळं उरलं होतं म्हणावं, तर एकेकानं ते त्याला दिलं होतं, दोनशे वेळा. चाळीस दिवस त्या पोरांपैकी तिसऱ्या मजल्यावर कुणी फिरकलं नाही. चाळीस दिवसांनी सुतकाची मुदत संपली, तेव्हा बाईला पुन्हा उठवावं लागलं. शुक्रीनं तिला पांढरा झगा दिला, उंची वाढवली आणि जिन्यावर रडत फिरवली. "रडणाऱ्या बाया प्रत्येक घरात आहेत," वदाद म्हणाली होती, "त्यात कसलं आलंय भूत?" पण रात्रीच्या बापाला तेवढं पुरलं. तोफ शेवटी दोन डोंगर पलीकडे गेली. बारा कुटुंबं जगली. वदादनं काळा ब्लाउज धुऊन वाळत घातला आणि त्या बाईचं नाव पुन्हा काढलं नाही.

हे सगळं शुक्री मदाम झहारच्या भुतामुळे आठवत होता असं नाही. चार वर्षं त्याला हेच आठवत होतं, पण तो ते उलट्या बाजूनं आठवायचा, म्हणजे वदादच्या बाजूनं. वदाद गेली तेव्हा जगात कोरोनाची साथ होती. आधी तो तापला, मग ती. तो आतल्या खोलीत बंद, ती इस्पितळात, आणि पाचव्या दिवशी फोन आला. दफनाला आठच माणसांची परवानगी होती आणि त्या आठांत तो नव्हता. वदादच्या भाच्यानं फोनवर दाखवलं. पोरानं फोन आडवा धरला होता, त्यामुळे शुक्रीनं आपल्या बायकोचं दफन मान तिरकी करून बघितलं. पाद्रीबाबा भिंतीतून बाहेर आल्यासारखे दिसत होते. शेवटी चित्र अडकलं, ते कुणाच्या तरी बुटावर. मग त्यानं पत्रक लिहिलं. भिंतीवर लावायला बंदी नव्हती, पण भिंतीपाशी येणारं कुणी नव्हतं, म्हणून फोनवरच पाठवलं, आणि त्यात स्वतःच्या हातानं ओळ लिहिली: सध्याच्या परिस्थितीत सांत्वन दूरध्वनीवर स्वीकारले जाईल. त्या आठवड्यात वीज दिवसाला दोन तास होती. फोन बंद पडायचा. वीज येऊन तो चालू केला की एकदम चाळीस बाण आल्यासारखे चाळीस निरोप यायचे, जोडलेल्या हातांची आणि गुलाबांची चित्रं. कुणी हात हातात घेतला नाही. कुणी उरलेल्या आयुष्याचं ते वाक्य त्याच्या तोंडावर म्हटलं नाही. साखर नसलेली कॉफी त्यानं एकट्यानं केली, ती उतू गेली. आणि तेव्हापासून एकच गोष्ट त्याला टोचत होती, रोज, दात घासताना, बूट बांधताना: एव्हलीनला तीन दिवस मिळाले आणि वदादला एक ओळ. जी नव्हतीच तिच्यासाठी लोक गोळ्यांखालून वाकून आले, आणि त्यांच्यासाठी जिनं तीन दिवस कॉफी उकळली, तिच्यासाठी तिचा नवरासुद्धा गेला नाही. मग ती सनोबरमध्ये फिरत असेल तर नवल काय? आपलं राहिलेलं मागायला आली असेल. दुपार झाली तसा शुक्री उठला, चांगला कोट घातला, आणि जाताना न्हाणीघरातला दिवा मुद्दाम लावून ठेवला, ती चुकून इकडे आलीच तर चुकामूक नको.

सामायिक टॅक्सीत तो पुढे बसला. ड्रायव्हरनं विचारलं, "सनोबरला? जेवायला की भुताला?" "भुताला," शुक्री म्हणाला. "चांगली आहे म्हणतात. माझ्या मेहुणीनं पाहिली. सिगारेट मागत होती." घाट चढताना शुक्रीचे कान दडपले आणि त्याला एक विचित्र घोर लागला. आपण काय बोलणार आहोत तिला? माफी मागायची म्हटलं तर कशाची? साथ त्यानं आणली नव्हती, बंदी त्यानं घातली नव्हती. पण ती ओळ त्यानंच लिहिली होती. 'दूरध्वनीवर स्वीकारले जाईल.' वदाद म्हणेल, शुक्री, एव्हलीनला मी बहीण मिळवून दिली साव पावलोला, आणि तू मला काय दिलंस? टॅक्सी थांबली तेव्हा दुपारचे पावणेचार वाजले होते. हॉटेल त्याला आधी ओळखूच आलं नाही, इतकं ते पूर्वीसारखं दिसत होतं. युद्धाआधीसारखं, त्याच्या तरुणपणासारखं, कमानींसकट, लाल कौलांसकट. दारात एक तिशीची मुलगी उभी होती, छातीवर पितळी पट्टी: जोएल. कुठल्याही म्हाताऱ्याला काका म्हणावं तशी ती म्हणाली, "अम्मो, चारच्या फेरीला आलात? या, या. सावकाश, जिन्याला गालिचा आहे." फेरी म्हणजे भुताची फेरी. जमलेली मंडळी पंधरा-सोळा: झाहलेचं एक कुटुंब, निवृत्त शिक्षिकांची चौकडी, त्रिपोलीच्या दोघी बहिणी, एक नवं जोडपं जे भुतापेक्षा एकमेकांनाच घाबरत होतं. शुक्री त्यांच्या मागे उभा राहिला. ज्या काउंटरमागे त्यानं अकरा वर्षं काढली त्याच्या समोर पाहुणा म्हणून उभं राहताना त्याला हात कुठे ठेवावेत ते कळेना.

जोएल छान सांगायची. एवढी छान, की पहिली दहा मिनिटं शुक्री स्वतःच गुंगला. मदाम एव्हलीन एका फ्रेंच अधिकाऱ्याच्या प्रेमात होती. ("कधी?" शुक्री पुटपुटला.) अधिकारी गेला. तिनं तिसऱ्या मजल्यावरून त्याची वाट पाहिली आणि युद्धाच्या पहिल्याच गोळीबारात तिचं हृदय फुटलं. "हृदय बरोबर आहे," शुक्री म्हणाला, आणि एका शिक्षिकेनं मागे वळून बघितलं. दुसऱ्या मजल्यावर एका भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भोकं होती, त्यांवर काच बसवलेली, आत छोटा दिवा. "ह्या गोळ्या, शहात्तरच्या. दुरुस्तीच्या वेळी आम्ही त्या मुद्दाम तशाच ठेवल्या," जोएल हळू आवाजात म्हणाली, आणि नव्या जोडप्यातल्या मुलीनं काचेवर बोटं ठेवली. शुक्री जवळ गेला. भोकं एका ओळीत होती, खांद्याच्या उंचीवर, समोरच्या भिंतीतही तशीच. तीन वेळा मोजली त्यानं. कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांचे खिळे. वरच्या बारा कुटुंबांची धुणी. वदादनं बुटाच्या टाचेनं ठोकले होते, आणि एक अंगठ्यावर बसला होता. काचेखाली, दिव्याच्या उजेडात, त्याच्या बायकोचे खिळे उपटल्याची भोकं गोळ्यांचा मान मिळवून नांदत होती. त्याला हसूही येईना आणि दुसरंही काही येईना. तो म्हणाला, "अंगठा सुजला होता चांगला," आणि त्रिपोलीची धाकटी बहीण थोरलीला म्हणाली, "म्हातारा एकटाच आलाय वाटतं."

तिसऱ्या मजल्यावर पोचताना त्याचं काळीज इतक्या जोरात उडत होतं की मदाम एव्हलीनचं नेमकं काय झालं असेल हे त्याला पहिल्यांदाच समजलं. लांब बोळ, दोन्ही बाजूंना दारं, छताला दिवे. जोएल पुढे बोलत चालली होती, मंडळी तिच्यामागे. शुक्री मागे राहिला, मुद्दामच. आणि बोळाच्या दुसऱ्या टोकाला, चादरी ठेवायच्या खोलीच्या दारातून ती बाहेर आली. पाठमोरी. बुटकी, गोलमटोल. तपकिरी स्वेटर, बाह्या वर सारलेल्या. तिनं वर दिव्याकडे बघितलं, 'च्च' केलं, हे इकडून दिसत नव्हतं पण मानेवरून कळत होतं, आणि बटण दाबलं. अर्धा बोळ अंधारला. शुक्रीनं भिंतीला हात टेकला. चार वर्षं साठवलेलं होतं, पण बाहेर पडताना त्याचं एवढंच झालं, "अगं, मला येऊ दिलं नाही गं त्यांनी." बाई वळली. चाळिशीची, उत्तरेतल्या अक्कारकडची असावी, गालावर तीळ, हातात उशांचे अभ्रे. "अम्मो, काय झालं? दिवा हवाय? लावते हं. आमचे साहेब ओरडतात, जनरेटर खातो म्हणून. ह्या पाहुण्यांना कुठे काय पडलंय, सगळे दिवे लावून जातात." तिनं दिवा लावला. ती जवळ आली, त्याचा चेहरा बघितला, आणि काही न विचारता त्याला कोपराला धरून खुर्चीत बसवलं. तिचं नाव फौझिये. तिला इथं लागून सात महिने झाले होते. मदाम झहारच्या भुताला महिन्यातून चार सुट्ट्या होत्या, आणि तो स्वेटर तिला थंडीमुळे लागायचा. शुक्रीनं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आपल्याला बरं वाटायला हवं असं त्याला वाटलं. वदाद कुणा परक्या बाईला भेटली नव्हती, हे तर चांगलंच होतं. मग आतून असं का होतंय, की ती आज पुन्हा एकदा गेली?

फेरी खालच्या मोठ्या दिवाणखान्यात संपायची, तिथं सगळ्यांना कॉफी. फौझिये त्याला धरूनच खाली घेऊन आली. दिवाणखाना तोच होता, पुरुषांचा, आणि त्याला पाठ असलेल्या त्याच भिंतीवर सोनेरी चौकटीत एक पिवळा कागद लटकत होता. काळी किनार, मिखाईलची अक्षरं, 'सांत्वनाला तीन दिवस'. "आणि हा पुरावा," जोएल म्हणाली, "अस्सल. शहात्तर सालचा. ज्यांना भुताबद्दल शंका आहे त्यांनी वाचावं. नवरा, दीर, परदेशातली बहीण. ह्या माणसांनी इथं, ह्याच खोलीत, तिच्यासाठी—" "नवरा नव्हता," शुक्री म्हणाला. खोली वळली. "दीर नव्हते. बहीण माझ्या बायकोनं घातली, घर उघडं वाटू नये म्हणून." पुढे काय बोलायचं हे त्यानं ठरवलेलं नव्हतं. शहात्तर सालीही ठरवलेलं नव्हतं. पण तेव्हा तोंडातून खोटं निघालं होतं आणि आज खरं निघू लागलं, आणि खरं निघायला फार वेळ लागत होता. त्यानं तोफ सांगितली, अबू-लैल सांगितला, साखरेचे बदाम सांगितले. लोक हसले, झाहलेच्या बापानं मांडीवर थाप मारली. खिळे सांगितले तेव्हा जोएलनं डोळे मिटून घेतले. मग तो वदादवर आला. काळा ब्लाउज, आईसाठी एक दिवस, घरासाठी एक दिवस, नुसताच एक दिवस. मग साथ, आडवा फोन, कुणाचा तरी बूट. ती ओळ. "दोनशे माणसं आली होती तिच्यासाठी," तो चौकटीकडे बोट दाखवून म्हणाला, "जी नव्हतीच. आणि माझ्या वदादसाठी कुणी नाही. मीसुद्धा नाही." एवढं बोलल्यावर त्याला लाज वाटली. भाड्याच्या भुतासाठी आलेल्या परक्या माणसांपुढे आपण हे काय पसरून बसलो, असं वाटून तो कोटाचं बटण लावू लागला.

फौझिये पुढे आली. तिनं हातातले अभ्रे शेजारच्या मेजावर ठेवले, स्वेटरच्या बाह्या मनगटापर्यंत खाली ओढल्या, त्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "तिचं उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो, अम्मो." तिच्यामागे शिक्षिका उभ्या राहिल्या. कुणी ठरवलं नाही, कुणी सांगितलं नाही. सुतकातला माणूस समोर उभा दिसला की ह्या लोकांना दुसरं काही सुचतच नाही, रांग आपोआप लागते. झाहलेच्या बापानं पोरांच्या हातातली सरबतं काढून घेतली आणि त्यांना पुढे ढकललं. शुक्रीचे पाय आपोआप भिंतीशी गेले, घरच्यांनी उभं राहायच्या जागी. "तुम्हाला उदंड आयुष्य," तो प्रत्येकाला म्हणाला, आवाज एकदाही न कापता. त्रिपोलीच्या थोरल्या बहिणीनं विचारलं, "कशी होती हो?" "च्च," शुक्री म्हणाला, भुवया वर करून, आणि ती समजली. वेटर तबक घेऊन आत आला, रांग बघून जागच्या जागी थांबला, मागे फिरला, आणि जरा वेळानं साखर न घातलेली कॉफी घेऊन आला. जोएल सर्वांत शेवटी आली. तिचे डोळे लाल होते आणि तरीही ती कुजबुजली, "अम्मो, मग ते पत्रक... काढू?" "राहू दे," शुक्री म्हणाला. "छपाई अस्सल आहे."

तेवढ्यात दारातून एक जाडसर गृहस्थ आणि त्यांच्या सौभाग्यवती घाईघाईनं आत शिरले. वाटेत त्यांचं चाक पंक्चर झालं होतं आणि चारची फेरी चुकली होती. गृहस्थांनी रांग बघितली, कॉफीची तबकं बघितली, भिंतीशी उभा म्हातारा बघितला. त्यांनी चटकन टोपी काढली, बायकोला कोपरानं खूण केली, चेहरा लांब करून सावकाश पुढे आले आणि शुक्रीचा हात घट्ट धरला. "तिचं उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो." "तुम्हाला उदंड आयुष्य." मग ते कानाशी वाकले. "माफ करा, पण... कोण गेलं?"

"माझी बायको."

"अरेरे! आम्हाला आत्ताच कळलं हो," ते ओशाळून म्हणाले.

"मलाही," शुक्री म्हणाला.